कणसातला विस्तव

पावसाळा लागला की विक्रोळी स्टेशनच्या बाहेर, कन्नमवार नगरच्या रस्त्यांवर, पार्कसाइटच्या चढावर भुट्ट्याच्या गाड्या दिसू लागतात. शेगडीवर कणीस फिरतं, दाणे तडतडतात, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून त्यावरून फिरते आणि बघता बघता आपल्या हातात उरतो तो फक्त मधला दांडा. तो आपण टाकून देतो. त्याच्याकडे पुन्हा वळून बघावं असं कुणाला वाटत नाही.

हा लेख त्या दांड्याविषयी आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला याच दांड्याला भोक पाडून त्याचा पाइप करतात. त्यात तंबाखू भरून पेटवतात, तो दातात धरून संध्याकाळभर बसतात आणि दांडा जळून जात नाही. वाळल्यावर ज्याचं हाताला वजनही जाणवत नाही, गावाकडे जो सरळ चुलीत जातो, तो हा दांडा विस्तव पोटात घेऊन शाबूत कसा राहतो? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की मेक्सिकोच्या दऱ्यांपासून विजापूरच्या दरबारापर्यंत आणि मिसुरी नदीच्या काठापासून धूपखेड्यापर्यंत जाऊन पोहोचतो आपण.

आधी दांडा नीट पाहू

दाणे काढलेलं कणीस चार-सहा दिवस उन्हात वाळवा आणि बारीक दातांच्या करवतीने आडवं कापा. कापलेल्या तोंडाशी तीन गोल थर दिसतील. अगदी मध्ये पांढरा, हलका, बोट दाबलं की दबणारा गाभा. त्याच्याभोवती लाकडासारखं टणक कडं. सर्वांत बाहेर, जिथे दाणे बसलेले होते तिथे, खाचांची आणि पातळ, कोंड्यासारख्या पापुद्र्यांची रांग. पाइपच्या दृष्टीने सगळी करामत त्या मधल्या टणक कड्याची. गाभा कोरून काढला की तंबाखू भरायची वाटी तयार होते आणि हे कडं तिची भिंत होतं.

आता दाण्यांच्या ओळी मोजा. बारा भरतील, चौदा भरतील, सोळा भरतील. तेरा किंवा पंधरा जवळपास कधीच भरणार नाहीत. कणसावरची फुलं जोडीजोडीने येतात आणि प्रत्येक जोडीतून शेजारी शेजारी दोन दाणे धरतात, म्हणून ओळींचा आकडा समच निघतो. सोलताना बोटांना चिकटणारे केसही उगाच नसतात. प्रत्येक संभाव्य दाण्यासाठी एक स्वतंत्र केस असतो. वरच्या तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडतो, केसाच्या आतून एक सूक्ष्म नळी खाली वाढवत नेतो आणि मग दाणा धरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याची जागा कणसावर रिकामी राहते. भुट्टा खाताना मध्येच लागणारी मोकळी जागा ही त्या चुकलेल्या भेटीची खूण.

याहून मोठं नवल दांड्याच्या जन्मात आहे. मक्याचा पूर्वज तेओसिंते नावाचं गवत. ते आजही मेक्सिकोत रानात उगवतं. त्याच्या कणसाला पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात बंद असतो. त्याला मक्यासारखा दांडाच नसतो. पिकलं की कणसाचे तुकडे होऊन दाणे जमिनीवर विखुरतात. नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी हे गवत निवडून निवडून पेरायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या दाणे उघडे पडत गेले, मोठे होत गेले, न गळता कणसाला धरून राहू लागले. एकेकाळी दाण्याला कोंडून ठेवणारी ती कवचं एकमेकांना जुळत गेली आणि त्यांचाच हा टणक दांडा बनला. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या गिला नाकिट्झ गुहेत सापडलेले मक्याचे इवलेसे दांडे सुमारे सव्वासहा हजार वर्षांचे आहेत.

म्हणजे भुट्ट्याचा दांडा ही निसर्गाने आयती दिलेली वस्तू नव्हे, माणसाच्या हातून घडलेली आहे. तिची किंमतही मक्याने मोजली. दाणे दांड्याला इतके घट्ट बसले, की मका आता स्वतःचं बी स्वतः पेरू शकत नाही. माणसाने सोलून, सुटं करून पेरलं नाही, तर मका या पृथ्वीवरून नाहीसा होईल.

मिसुरीचा सुतार

अमेरिकेत मिसुरी नावाच्या नदीकाठी वॉशिंग्टन नावाचं एक छोटं गाव आहे. देशाची राजधानी वेगळी, हे वेगळं. तिथे हेन्री टिबे नावाचा हॉलंडहून आलेला कारागीर लेथवर लाकूडकाम करायचा. तिथे अशी हकिगत सांगतात, की १८६९ साली एका शेतकऱ्याने चाकूने दांडा कोरून स्वतःपुरता पाइप केला. तो त्याला इतका आवडला, की त्याने टिबेला तसेच काही लेथवर करून द्यायला सांगितलं. टिबेने केले, चार जास्तीचे करून दुकानात ठेवले, ते हातोहात खपले आणि हळूहळू बाकीचं लाकूडकाम मागे पडलं.

टिबेची खरी अक्कल पुढच्या पायरीत दिसते. दांड्याच्या बाहेरच्या अंगाला खाचाच खाचा. त्या तशाच राहिल्या तर पाइप खरबरीत लागणार आणि भिंत ठिकठिकाणी पातळ पडणार. टिबेने त्या खाचा प्लास्टरच्या लेपाने भरून काढायची युक्ती शोधली आणि १८७८ साली तिचं पेटंट घेतलं. मीअरशॉम नावाचा पांढरा, सच्छिद्र, हलका दगड तुर्कस्तानात सापडतो. त्याचे पाइप श्रीमंतांचे. तो दगड धुरातली ओल शोषून घेतो आणि टिबेचा दांडाही तेच करतो. म्हणून टिबेने आपल्या स्वस्त पाइपला ‘मिसुरी मीअरशॉम’ म्हटलं. पुढे कंपनीने तेच नाव घेतलं. आज दीडशे वर्षांनंतरही ती त्याच गावात पाइप बनवते.

कामाची रीत फारशी बदललेली नाही. जाड दांड्याचा खास मका लावतात. दाणे काढलेले दांडे साधारण दोन वर्षं वाळत ठेवतात, कारण ओल्या दांड्याला नंतर तडे जातात. मग करवतीने तुकडे करायचे, मधोमध गाभा कोरायचा, लेथवर चढवून बाहेरून आकार द्यायचा, प्लास्टरचा लेप द्यायचा, तो वाळला की घासून गुळगुळीत करायचा, व्हार्निश मारायचं आणि शेवटी नळी बसवायची. विक्रोळीत टर्नर-फिटरच्या घरात वाढलेल्या वाचकाला हे काम डोळ्यांसमोर उभं राहील. लेथवर फिरणाऱ्या वस्तूला हत्यार किती लावायचं, हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याला टिबेच्या हातांची कदर वेगळी सांगावी लागत नाही. पोलाद निदान हत्याराला तोंड देतं. दांडा मात्र जरा जास्त जोर झाला की उडून जातो.

या पाइपला मोठमोठी माणसं भेटली. मिसुरीतच वाढलेला लेखक मार्क ट्वेन मक्याच्या पाइपचा शौकीन होता. जनरल डग्लस मॅकआर्थर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शरण आलेल्या जपानच्या भूमीवर उतरला, तेव्हा त्याच्या तोंडात असाच एक लांबलचक पाइप होता. पॉपाय खलाशाच्या ओठांच्या कोपऱ्यातही तोच. जेत्या सेनापतीने सोन्याचांदीचं काही न धरता शेतातल्या टाकाऊ दांड्याचं काहीतरी दातात धरावं, यातच या वस्तूचा स्वभाव कळतो.

जळत कसा नाही?

दांडा जळतच नाही असं नाही. तो सावकाश जळतो, आणि जळता जळता स्वतःचं रक्षण करतो.

त्या टणक कड्यात सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत हवा अडकून राहते. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा जशी अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी ही हवा विस्तवाची धग बाहेरच्या बोटांपर्यंत पोहोचू देत नाही. आत निखारा लाल असताना बाहेरून पाइप फक्त कोमट लागतो. शिवाय वाटीतला तंबाखू ज्वाळेने पेटलेला नसतो, तो धुमसत असतो. झुरका घेतला की आत हवा ओढली जाते आणि निखारा उजळतो. झुरका थांबला की तो मंदावतो. हळू, अंतराने ओढणाऱ्याच्या हातात भिंतीला सोसवेल इतकीच धग राहते. भराभर झुरके घेणाऱ्याचा पाइप मात्र तापतो, जिभेला चटका बसतो आणि दांडाही करपतो.

पहिल्या काही वेळा ओढताना भिंतीचा आतला पृष्ठभाग थोडा करपतो आणि त्यावर कोळशाचा पातळ थर धरतो. हा थर पुढे भिंतीचं चिलखत होतो. म्हणून जाणते लोक वाटी अगदी कोरी घासून काढत नाहीत. थर फार जाड झाला तरच थोडा खरवडतात.

दुसरी गोष्ट ओलीची. काहीही जळलं की पाण्याची वाफ होते आणि पाइपचा तंबाखू तर मुळातच दमट असतो. ती वाफ थंड नळीत पोहोचली की तिचं पाणी होतं, नळी गुरगुरू लागते आणि कडवट थेंब जिभेवर येतो. दांड्याची सच्छिद्र भिंत यातली बरीच ओल पिऊन टाकते आणि पुढच्या दिवशी वाळून पुन्हा तयार होते. म्हणून मक्याच्या पाइपमधला धूर कोरडा आणि निवलेला लागतो. नव्या पाइपमधून पहिल्या काही वेळा भाजलेल्या मक्याचा किंचित गोडसर वासही येतो. तो वास आपल्याला वेगळा सांगायला नको.

आपल्याकडचा पाइप

महाराष्ट्रात दांड्याचा पाइप रुजला नाही. त्याची गरजच पडली नाही, कारण कुंभाराने भाजलेली चिलीम होती. वर रुंद, खाली निमुळती, सरळसोट मातीची नळी. आत खाली एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही आणि हवा खेळती राहते. वर तंबाखू, त्यावर विस्तव. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. मग दोन्ही हातांची ओंजळ करून चिलीम बोटांत धरायची आणि अंगठ्याच्या फटीतून झुरका घ्यायचा. छापी धूर थंड करते, तंबाखूचा चुरा तोंडात येऊ देत नाही. मूठ स्वतःच नळीचं काम करते. ओठ मातीला लागत नाहीत, म्हणून एक चिलीम पारावर बसलेल्या चौघांत फिरू शकते.

चिलमीला विस्तव आणि पाणी दोन्ही लागतात. ही गोष्ट मराठी माणसाला एका कथेतून पाठ आहे. हेमाडपंतांच्या ‘श्री साईसच्चरित’मध्ये धूपखेड्याचा चांदभाई पाटील हरवलेली घोडी शोधत भटकत असतो. आंब्याखाली बसलेला फकीर त्याला चिलीम ओढायला बोलावतो. घोडी सापडते, चिलीम भरून तयार होते, पण पेटवायला विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. फकीर जमिनीत चिमटा खुपसतो, निखारा वर येतो. सटका आपटतो, पाणी येतं. छापी भिजते, पिळली जाते, चिलमीला गुंडाळली जाते. चमत्कार बाजूला ठेवून वाचलं तरी चिलीम कशी लावतात याचं इतकं नेमकं वर्णन क्वचितच कुठे मिळेल. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही चिलमीसाठी जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला जाण्याचा प्रसंग आहे. आगपेटी घरोघरी नसण्याच्या काळात शेजाऱ्याकडून निखारा आणणं हे रोजचं काम होतं, आणि चिलमीभोवती जमलेल्या गप्पा हा रोजचा विसावा.

मका आणि तंबाखू, दोन्ही मुळात अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या जहाजांमागून सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्याला लागले. तंबाखू उत्तरेच्या आधी दख्खनमध्ये ओळखीचा झाला. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, तेव्हा त्याने तिथे तंबाखू पाहिला. असा प्रकार त्याने हिंदुस्थानात कुठे पाहिला नव्हता. त्याने रत्नजडित नळी, यमनी अकीकाचं मुखाग्र, सोन्याचं अग्निपात्र असा थाटाचा संच करवून घेतला आणि १६०४-०५च्या सुमारास बादशहापुढे ठेवला. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. शाही हकीम घाबरला. जी वस्तू आपल्या ग्रंथांत नाही ती बादशहाने ओढू नये, असा त्याचा आग्रह. असद बेग म्हणाला, ग्रंथांत नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट टाकून देऊ नये. वाद रंगला. अकबराने पुढे ओढला नाही, पण सरदारांनी मागवला, व्यापाऱ्यांनी विकायला आणला आणि गोष्ट हाताबाहेर गेली. १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, तीही टिकली नाही.

गोडी कशाची, घात कशाचा

मक्याच्या पाइपची रोजची गोडी कशात आहे, हे आता सांगता येईल. तो हलका, म्हणून दातात धरून दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. तो स्वस्त, म्हणून शेतात, अंगणात, बोटीवर न्यायला जीव खालीवर होत नाही. भरताना तंबाखू खाली सैल, वर जरा दाबून भरायचा. पहिल्यांदा पेटवला की तो फुगून वर येतो, तो हलकेच दाबायचा आणि पुन्हा पेटवायचा. घाई केली तर विझतो किंवा चटका देतो. पाइप माणसाला बसवून ठेवतो, हळू करतो. चिलमीनेही तेच केलं. विडी-सिगारेट चालता चालता संपते. पाइप आणि चिलीम यांच्यासाठी वेळ काढावा लागतो, आणि माणसांना खरी ओढ बहुधा त्या काढलेल्या वेळेची, त्या संगतीची असते.

त्या वेळेची किंमत मात्र शरीर मोजतं. पाइप ओढणारे बहुतेक धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. पाइपच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं आणि सवय तिथूनच लागते. ओठ, जीभ, तोंड, घसा, फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका पाइपने वाढतो. दांडा ओल शोषतो, विष शोषत नाही. छापी चुरा अडवते, डांबर आणि विषारी वायू अडवत नाही. विक्रोळीहून लोकलने परळला उतरलं की टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ पासून. तिथे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाने येणाऱ्या रुग्णांमागे तंबाखूचा हात किती मोठा आहे, हे तिथला कुणीही डॉक्टर सांगेल. २ ऑक्टोबर २००८पासून देशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे.

दांड्याला मात्र तंबाखूशिवाय पुष्कळ कामं आहेत. त्याच्या टणक कड्याचा रवा करून धातूच्या वस्तू घासून चकचकीत करतात, कारण तो पोलादावर ओरखडा न काढता तेल आणि मळ टिपतो. त्यातल्या झायलनपासून झायलिटॉल मिळतं. साखर नसलेल्या च्युइंगमची गोडी अनेकदा त्याचीच असते. त्याच्यापासून निघणारं फर्फ्युरल रेझिन आणि द्रावक बनवायला लागतं. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडच्या मक्याच्या शेतकऱ्यांकडे मळणीनंतर दांड्यांचे ढीग लागतात आणि बरेचसे चुलीत किंवा बांधावर संपतात. ज्याने विस्तव पोटात धरून दाखवला, त्याच्या गुणांचा आपल्याकडे याहून चांगला उपयोग व्हायला हवा.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात मुलं असतील तर एक दांडा वाळवा, कापा, भिंगाखाली धरा आणि ते तीन थर त्यांना दाखवा. ओळखीत कुणी टर्नर असेल तर त्याच्याकडून एक दांडा लेथवर फिरवून घ्या. किती नाजूकपणे तो आकार घेतो ते पाहा. पाहिजे तर त्याचा पाइपही करा आणि कपाटात ठेवा. त्यात तंबाखू मात्र कधीच भरू नका.